अमेरिकेला कशासाठी?

सकाळपासून फोटो काढून काढून मोबाइलची बॅटरी संपवलेले आई-बाबा, आणि आजपासून ज्यांना हक्काने ‘डॉक्टर’ म्हणता येईल अशा माझ्या मुलामुलींनो,

आत येताना बाहेरच्या मांडवात तुमच्यातल्या चार-पाच जणांशी बोलले. ‘पुढे काय?’ असं विचारलं. ‘पीजी,’ एकमुखाने उत्तर आलं. ‘कशात?’ तर म्हणाले, ‘मॅडम, रँकवर बघू. मिळेल त्यात.’ मी हसले, कारण चाळीस वर्षांपूर्वी मीही वेगळं काही बोलले नव्हते. रँक खोटी नाही, जागा मोजक्या आहेत, हे मलाही कळतं. पण ‘मिळेल त्यात’ हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना आणि लिहून आणलेलं भाषण तिथेच पर्समध्ये राहिलं. त्याऐवजी तुम्हाला दोन पत्रांची आणि एका भाषणाची गोष्ट सांगते. गोष्टीतली माणसं तुमच्या ओळखीची आहेत.

पहिलं पत्र गोपाळराव जोशींचं. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी 1878 च्या सुमारास कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेला जायचं आहे, मलाही तिथे काही काम मिळेल का, असा एकूण सूर. इच्छा प्रामाणिक होती. पण काय शिकायचं, किती वर्षं, परत येऊन काय करायचं, यातलं काहीच पक्कं नव्हतं. मागणं सैल असलं की देणारा आपल्याला हवं ते त्यात भरतो. समोरून विचारणा आली ती धर्मांतराची. विषय तिथेच थांबला. तो पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती पडला, तोही दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना. त्यांनी गोपाळरावांच्या बायकोला, म्हणजे आनंदीबाई जोशींना, लिहायला सुरुवात केली. दंतवैद्याच्या बाकड्यावरचा जुना अंक कुणाचं नशीब उघडेल, सांगता येत नाही. मात्र नशिबाच्या या भागावर तुमचा-माझा ताबा नाही, म्हणून तो सोडून देऊ.

मधल्या काळात त्या घरात जे घडलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत मूल गेलं. नवऱ्याचं वेड होतं ‘बायकोने शिकावं’. त्याला आता बायकोने स्वतःचं नाव दिलं: वैद्यक. बाया पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा दुखणं अंगावर काढतात, त्यांना बाई डॉक्टर हवी, ती मी होणार.

आणि मग 24 फेब्रुवारी 1883. गोपाळराव तेव्हा कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला होते. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात, अठरा वर्षंही पुरी न झालेली ही मुलगी इंग्रजीत बोलायला उभी राहिली. त्या भाषणाची रचना मला फार आवडते. लोक आडून जे विचारत होते तेच सहा प्रश्न तिने स्वतः मांडले. अमेरिकेला कशासाठी? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जाते आहेस? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? काही वाईट ओढवलं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करावं? एकेक प्रश्न घेऊन तिने उत्तरं दिली. नवरा सोबत का नाही, याचं उत्तरसुद्धा व्यवहाराचं होतं: घरची माणसं त्यांच्या पगारावर अवलंबून आहेत. आणि हिंदू म्हणून जाते आहे, हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगून टाकलं. जे दार मिशनच्या पत्रात अर्धवट उघडं राहिलं होतं, ते तिने इथे लावून घेतलं.

‘निर्धार’ वगैरे शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. मला त्या भाषणात निर्धारापेक्षा हिशेब जास्त दिसतो. काय बदलायचं हे एकदा नक्की झालं की काय बदलायची गरज नाही हेही कळतं. फिलाडेल्फियात काढलेला 1885 चा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. एका बाजूला आनंदीबाई, मध्ये जपानच्या केई ओकामी, पलीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबूली. तिघी तिथे वैद्यक शिकणाऱ्या, आणि तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. अमेरिकन बाई व्हायला त्या गेल्याच नव्हत्या.

दुसरं पत्र श्रीरामपूरच्या भाषणाच्याच वर्षीचं, जून 1883 मधलं. अमेरिकेत पोहोचून महिनाही झाला नव्हता. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी त्यांनी लिहिलं. माझं आधीचं शिक्षण कदाचित तुमच्या नियमात बसणार नाही, हे आडपडदा न ठेवता कबूल केलं आणि मग ज्या कामासाठी आले ते सांगितलं. एकाच घरातली ही दोन पत्रं शेजारी ठेवून पाहा. पहिल्याने प्रश्न ओढवून घेतले. दुसऱ्याने प्रवेश मिळवला. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंध कशावर, तर हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षीचा प्रश्न विषयात उतरला होता. कोल्हापूर संस्थानाने तिथल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातला स्त्रियांचा कक्ष त्यांच्याकडे सोपवायचं ठरवलं, त्यांनी होकारही कळवला.

तो कक्ष त्यांना चालवता आला नाही. परत आल्या त्या क्षय घेऊनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. श्रीरामपूरच्या भाषणाला चार वर्षं आणि दोन दिवस झाले होते. ध्येय नीट ठरवलं की यश पायाशी येतं असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्याला ही तारीख दाखवा. मी त्या भरवशावर बोलत नाहीये.

मी बोलते आहे ते माझ्या फजितीच्या आधारावर. पीजी झाल्यावर शहरातली नोकरी सोडून मी एका तालुक्याच्या गावी गेले. कशासाठी? ‘सेवा’ करायला! हा शब्द इतका मोठा आहे की त्यात माणूस हरवतो. दवाखाना थाटला, फलक लावला, बँकेत ऑपरेशन थिएटरच्या कर्जाचा अर्ज टाकला. आठ महिने दिवसाला दोन-तीन पेशंट, तेही पडसं-खोकल्याचे. बाळंतपणं सगळी गावच्या सुईणबाईंकडे. एक दिवस त्या सुईणबाईच माझ्या दारात येऊन बसल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, राग मानू नगा, पर तुमी हितं नेमकं काय कराया आलाय?’

मला उत्तर देता आलं नाही. एवढ्या पदव्या लावलेल्या बाईला!

रात्री बसून वाक्यं लिहिली आणि खोडली. ‘माता-बाल आरोग्य सुधारणे’ खोडलं, ते सरकारी फायलीचं होतं. पहाटे जे उरलं ते असं: दोन वर्षांत आसपासच्या अकरा गावांतली एकही गरोदर बाई तिसरा महिना संपेपर्यंत रक्त तपासल्यावाचून राहणार नाही. पांढऱ्याफटक बाया नवव्या महिन्यात बैलगाडीतून यायच्या आणि तेव्हा हातात काही उरायचं नाही, हे मी आठ महिने बघत होते. वाक्यात मात्र ते त्या रात्री आलं. सकाळी थिएटरच्या कर्जाचा अर्ज मागे घेतला. या वाक्याला थिएटर लागतच नव्हतं. लागत होतं साहलीचं हिमोग्लोबिनोमीटर, लोहाच्या गोळ्या, एसटीचं वेळापत्रक आणि सुईणबाई. कारण कुणाची पाळी चुकली हे गावात सर्वांत आधी त्यांनाच कळायचं.

दोन वर्षांत ते पुरं झालं का? नाही. दोन गावांनी दाद दिली नाही, आणि एका पावसाळ्यात तीन महिने ओढ्यापलीकडे जाताच आलं नाही. पण किती राहिल्या हे मला आकड्यात सांगता येत होतं, आणि कुठल्या वाडीवर परत जायचं तेही.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मी या तपासण्यांच्या नोंदींची वही सुईणबाईंपुढे ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पानं उलटली, रकान्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘यात माझ्या बाया कुठल्या?’

मी एकेका नावावर बोट ठेवून दाखवत गेले.