तालमीची माती कोणी उकरायची?

(कोल्हापुरातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



संयोजकांनी मला दिलेला विषय ‘शारीरिक शिक्षण आणि संस्कार’ असा आहे. विषय मोठा आणि वक्ता लहान; म्हणून तो मी आमच्या पेठेपुरता आखडून घेतला आहे. बोलायचे आहे ते तालमीविषयी. पण सुरुवात मात्र कराटेपासून करावी लागेल, आणि त्याला कारण माझी मुलगी आहे.

ती नऊ वर्षांची असताना एके दिवशी म्हणाली, “बाबा, मला तालमीत घाला.” तालीम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच तालमीत मी लहानपणी चार वर्षे लंगोट बांधून उतरलेलो. मी वस्तादांकडे गेलो. ते माझ्याहून वीस वर्षांनी वडील आणि मला आजही एकेरीत बोलावणारे. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. म्हणाले, “पोरीला मातीत उतरवायचं? आपल्यात न्हाई तसलं. घरी सूर्यनमस्कार घाल म्हणावं.” मीही वाद घातला नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही ते फारसे वावगे वाटले नाही.

मुलगी मात्र हट्टाची. शेजारच्या शाळेच्या सभागृहात संध्याकाळी कराटेचा वर्ग भरे, तेथे तिचे नाव घातले. पहिल्या दिवशी मी दाराशी उभा राहिलो. पाहतो तो काय, तिथल्या सरांनी ठोसा किंवा लाथ शिकवण्याआधी मुलांच्या हाती ओली फडकी दिली आणि सारी फरशी पुसून घेतली. मग अनवाणी उभे राहून जागेला वंदन. घरी येऊन मी थोडे वाचले. कराटे मूळचे ओकिनावा बेटावरचे. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली टोकियोत त्याचे प्रात्यक्षिक दाखविले आणि नंतर ते जपानभर गेले. (त्याच वर्षी, ६ मे रोजी, राजर्षी शाहू महाराज मुंबईत कैलासवासी झाले.) या शिक्षणाच्या जागेला जपानी भाषेत ‘डोजो’ म्हणतात. हा शब्द मूळचा बौद्ध साधनास्थळाचा. ‘बोधिमंड’ या आपल्या संस्कृत शब्दाच्या चिनी भाषांतरातून तो जपानात पोहोचला. म्हणजे फरशी पुसणे हे झाडूकाम नव्हे, साधनेची पहिली पायरी आहे. आणि तेव्हा मला एकदम आमच्या तालमीची माती आठवली.

आपल्यापैकी किती जणांनी तालमीची माती उकरली आहे? हात वर करा. ... सहा. सातवे आमचे अध्यक्ष. असो.

कुस्तीचा हौदा म्हणजे खड्ड्यात टाकलेली लाल माती, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसे नाही. माती चाळून घ्यावी लागते, खडा राहता कामा नये. तिच्यात काव, ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर असे कालवावे लागते. ताक आणि तेलाने माती मऊ राहते, हळदीने खरचटलेले चिघळत नाही. एवढे करून ती एकदा टाकली की काम संपले, असेही नाही. ती रोज दाबली जाते, म्हणून रोज उकरावी लागते. पहाटे साडेचारला आम्ही पोरे खोरे घेऊन उतरत असू. अर्ध्या तासात दंड भरून येत. वस्ताद काठावर बसून म्हणत, “निम्मा व्यायाम झाला की रं.” पैलवानाला खांद्याचे आणि कंबरेचे बळ लागते, ते खोऱ्यातून येते. मग हौदा सपाट करायचा, मारुतीरायाला नमस्कार करायचा, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि जोर-बैठका. पट, ढाक, कलाजंग, घिस्सा हे पुढचे सारे. उकरायची पाळी ठरलेली असे. तीत वकिलाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा असा भेद नव्हता. माझा जोडीदार एका चांभारकाम करणाऱ्याचा मुलगा होता आणि माती ओढण्यात तो माझ्यापेक्षा सरस होता. हे आम्हाला कोणी व्याख्यान देऊन शिकविलेले नाही.

कराटेत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पट्टे असतात. आमच्याकडे पट्टा म्हटले की तो दांडपट्टा! पैलवानाची पायरी कमरेवर दिसत नाही, जत्रेत दिसते. आधी रेवड्यांवरची कुस्ती, मग नारळाची, मग रुपयांची. शेवटची कुस्ती लागली की गाव उठून उभा राहतो.

आता या तालमी उभ्या कशा राहिल्या ते पाहू. शाहू महाराज स्वतः मल्लविद्येचे जाणकार. उत्तरेतील नामांकित मल्लांना त्यांनी कोल्हापुरात आणले, आश्रय दिला. १९०२ साली ते इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. मध्ये हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक; आड येणारा खांब नाही. कोठेही बसा, कुस्ती दिसते. या मैदानाविषयी आपण अभिमानाने बोलतो, ते योग्यच आहे. परंतु मैदान हे कळस होय. पाया पेठापेठांतील तालमींत होता. महाराजांनी खेड्यांतल्या मुलांच्या विद्येसाठी वसतिगृहे काढली, हे आपणांस ठाऊक आहे. तालीम हे त्याच मुलांच्या शरीराचे वसतिगृह होते. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींत आजही शिरोळ-कागलपासून सोलापूर-बीडपर्यंतची पोरे एकेका खोलीत राहतात, स्वतः भाकरी थापतात, कुंडीत बदाम-खसखस घोटून थंडाई करतात. सीमाभागातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे असेच आले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. शिराळ्याकडील पुनवतचे गणपतराव आंदळकर असेच आले. १९६० साली हिंदकेसरी, १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण व एक रौप्य. आणि नंतर वर्षानुवर्षे मोतीबागेत पोरे घडवीत राहिले. २०१८ साली ते गेले.

तालीम ही पैलवानांचीच नव्हे, साऱ्या पेठेची असे. तेथेच गणपती बसतो. अनेक तालमींत पंजाही बसतो; २०१८ ते २०२० अशी तीन वर्षे गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा एकाच छताखाली दोन्ही मांडले गेले. परगावच्या पत्रकारांना ती बातमी वाटली, आम्हाला ती पेठेची रीत वाटली. तालमीचाच फुटबॉल संघ असतो. पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम हा सामना कुस्तीचा नसून फुटबॉलचा आहे, हे पुण्याच्या मित्राला समजावताना माझी पुरेवाट झाली होती. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा कोणाच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे, हे सरकारी यादीपेक्षा तालमीच्या पोरांना आधी ठाऊक होते.

या सगळ्याचा अर्थ ज्या एका घटनेत मला दिसतो, ती सांगतो. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला आमच्या राजाराम महाविद्यालयात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. सराव मातीवरचा आणि स्पर्धा गादीवरची, तरीही सहावे. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नाहीत. गावोगाव वर्गणी झाली, तीही पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे सर्वांना माहीत असते. पुढचे कमी सांगितले जाते. परत आल्यावर या ऑलिंपिक वीराने कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढला, आणि त्या पैशातून आपल्या प्राचार्यांचे घर सोडविले. पुढे पोलिसात नोकरी केली. १९८४ साली अपघातात गेले तोवर सरकारने त्यांची फारशी आठवण ठेवली नव्हती. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. सरकारचे सोडा. मी खर्डेकरांचा विचार करतो. प्राचार्याने पैलवानासाठी घर गहाण टाकावे, आणि पैलवानाने ते अंगमेहनतीने सोडवावे, असा व्यवहार कोणत्या करारपत्रात बसतो?

आज काय चित्र आहे? मोठ्या तीन-चार तालमी तग धरून आहेत. खुराकाचा खर्च शेतकरी बापाला पेलत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा इनामावर जगणारी कितीतरी पोरे मजुरीला गेली, आणि त्यांतली काही परतलीच नाहीत. पेठांतल्या लहान तालमींची गोष्ट निराळी. त्या श्रीमंत झाल्या आहेत. कौलारू इमारत पाडून दोन मजली झाली, खाली दुकानगाळे, वर मंडळाचे सभागृह. गणपतीत डॉल्बी लागतो. नाव तालीमच राहिले आहे. फक्त हौद्यावर फरशी बसली.

यात दोष कोणाचा? पेठेतल्या राजकारणाचा, असे म्हणून मोकळे होता येईल. मी तसे म्हणणार नाही. मी दहावीला गेलो आणि तालीम सोडली. आईने म्हटले, “पुरे आता मातीत लोळणे.” माझ्या वयाच्या सगळ्या शिकलेल्या मुलांनी असेच केले. आम्ही मुलांना जिममध्ये पाठविले, तेथे महिन्याचे शुल्क भरले की झाले. उकरायला काही नाही. आम्ही वर्गणी देत राहिलो, पहाटे मात्र कोणी गेलो नाही. माती उकरणारी माणसे उरली नाहीत म्हणून फरशी आली.

आणि दुसरा दोष याहून जुना आहे, तो मुलीने मला दाखविला. निम्म्या पेठेला आम्ही दाराबाहेर उभे केले होते. ताराराणीच्या करवीरात! मर्दानी खेळांच्या आखाड्यांनी आमच्या आधी शहाणपण दाखविले. आज शिवजयंतीला पेठेत लाठी, विटा, दांडपट्टा फिरविणाऱ्यांत मुली पुढे असतात. दांडपट्ट्याला २०२४ साली राज्यशस्त्राचा मान मिळाला; तो मुलींच्या हातात किती शोभतो, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. आपल्याच जिल्ह्यातील मुरगूडच्या मुली कुस्तीत राष्ट्रीय पातळीवर गेल्या. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. गेल्या पंधरा वर्षांत जे झाले, त्याची दारे उघडायला आमची तालीम तयार नव्हती. शाळेच्या सभागृहातला एक कराटेचा वर्ग तयार होता, आणि तेथे फरशी पुसण्याची शिस्तही होती. जपानी म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, आपल्या मारुतीसमोर त्या मुलीला आपण कोणती जागा दिली होती?

आता शेवटचे. आमच्या तालमीच्या हौद्यावर फरशी घालण्याचा ठराव गेल्या वर्षी बैठकीपुढे आला होता. मी पहिल्यांदाच अशा बैठकीला गेलो. वस्ताद आता ऐंशीच्या घरात आहेत. ऐकू कमी येते. चर्चा तासभर चालली. ते एकदाच बोलले. “फरशी घाला की. पर घालायच्या आधी म्हैनाभर एकदा माती उकरून बघा. पोरं आली तर ठेवा, न्हाईतर घाला.” आणि मग माझ्याकडे वळून, “तुझी पोरगी कुठं असती आता?”

ती पुण्यात नोकरी करते. सुटीला आली, तेव्हा दोन दिवस पहाटे माझ्याबरोबर आली. कोणी काही म्हणाले नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे होतो, महिना संपताना अकरा झालो. त्यांत तीन मुली, एक माझ्या शेजाऱ्यांची नात. ठराव तूर्त पुढे ढकलला आहे. माती मात्र जुनी झाली आहे, ती दसऱ्यापूर्वी बदलायची. ताक, लिंबे आणि हळद गोळा करणे चालू आहे. पहाटे साडेचार ही वेळ अद्याप बदललेली नाही.