दोन टोल्या आणि एक पावती



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत; पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी आणि रद्दीच्या दुकानात. अशाच एका गठ्ठ्यात आम्हाला मराठी नवा करार सापडला. आम्ही ख्रिस्ती नाही. पण ज्याचे तीस वर्षांचे आयुष्य कामगारांकडून वर्गणी गोळा करण्यात गेले, त्याला त्या पुस्तकातली एक गोष्ट काही केल्या सोडत नाही. तीच आज आपल्यापुढे मांडतो.

गोष्ट चार ओळींची आहे. यरुशलेमच्या मंदिरात दानाच्या पेट्या ठेवलेल्या असत. मिश्ना नावाच्या यहुदी ग्रंथात अशा तेरा पेट्या सांगितल्या आहेत, शिंगाच्या आकाराच्या. येशू त्यांच्यासमोर बसून लोक काय टाकतात ते पाहत होता. श्रीमंत पुष्कळ टाकीत होते. एक गरीब विधवा आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. त्या काळी मजुराचा रोज एक दीनार असे, आणि एका दीनारात सुमारे १२८ टोल्या होत. म्हणजे हल्ली रोज ६४० रुपये धरला, तर बाईने टाकले दहा रुपये. येशूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले की, हिने सगळ्यांहून अधिक टाकले. कारण बाकीच्यांनी उरले त्यातून दिले, हिने होते ते सगळे दिले.

पुष्कळ उपदेशक इथे थांबतात, आणि मग थाळी फिरू लागते. आम्हाला कराराची कलमे मागची-पुढची वाचायची खोड आहे. मार्कच्या शुभवर्तमानात या गोष्टीच्या अगदी आधी येशू लांब झगे घालून मिरवणाऱ्या शास्त्र्यांवर तुटून पडला आहे. विधवांची घरे गिळतात, हा त्यांच्यावरचा आरोप. आणि गोष्ट संपताच शिष्य मंदिराच्या इमारतीचे कौतुक करू लागतात, तेव्हा तो म्हणतो की याचा चिरा चिऱ्यावर राहणार नाही. इसवी सन ७० मध्ये रोमन फौजेने ते मंदिर पाडलेही. मग बाईच्या दानाची ही स्तुती आहे की तिच्यासाठी काढलेला उसासा? पंडितांत यावर वाद आहे. आम्हाला विचाराल तर दोन्ही. स्तुती आहे ती बाईची, पेटीची नव्हे. पेटीवाल्यांविषयी तो एक बरा शब्द बोललेला नाही.

पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट आपण ऐकली असेल. योहान सांगतो की ती शिदोरी एका मुलाची होती, आणि भाकरी जवाच्या होत्या. जव म्हणजे गरिबाचे धान्य, आपल्याकडे नाचणी तसे. एवढ्या समुदायाला हे कसे पुरणार, असे शिष्यच म्हणाले. त्यांचा हिशेब बरोबर होता. चमत्काराबद्दल आम्ही वाद घालणार नाही. आमचे लक्ष गेले ते निराळ्याच गोष्टींकडे. किती भाकरी आहेत ते आधी मोजायला सांगितले. लोकांना शंभर-शंभर, पन्नास-पन्नास अशा पंगतींनी बसवले. आणि शेवटी तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा केले, ते बारा टोपल्या भरले. देवाच्या हाती दिलेल्या भाकरीचाही हिशेब झाला! आणि ती भाकरी कोठारात न जाता भुकेल्यांच्या पानात गेली.

मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांनी १९१० साली एक रीत सुरू केली. भात शिजत घालताना मूठभर तांदूळ बाजूच्या भांड्यात काढायचा, तो मंडळीने गोळा करून विकायचा, आणि त्या पैशावर धर्मकार्य चालवायचे. पुढल्याच साली बांबू फुलला, उंदीर माजले, पिके खाऊन गेली आणि दुष्काळ पडला. १९५९ मध्ये पुन्हा तेच. ती मूठ आजही निघते. आपल्याला यात नवल वाटू नये. कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी आपल्याच आयाबहिणींनी दळणातून मूठभर दाणे काढून ठेवले होते. ज्याच्या घरात पोते असते त्याला मुठीची किंमत कळत नाही. जिच्या मडक्यात चारच मुठी आहेत, ती एक काढते तेव्हा घरातल्या कोणाचे तरी पोट थोडे रिकामे राहते, आणि ते बहुधा तिचेच.

आता आमची गोष्ट. १९९८ साली एका कारखान्यात टाळेबंदी होती. चौथा महिना. फाटकापाशी टॉवेल पसरून आम्ही निधी जमवीत होतो. झाडलोट करणारी एक कंत्राटी बाई आली. नवरा वारलेला, पदरी दोन मुले, आणि युनियनची सभासदही नव्हे. तिने कनवटीची पाच रुपयांची नोट काढली. आम्ही म्हटले, “मावशी, राहू द्या, तुम्हालाच लागतील.” ती भडकली. “का वं दादा? गरिबाचं पैसं चालत न्हाईत व्हय तुमास्नी? पावती फाडा.”

आम्ही पावती फाडली. तेव्हा आम्हाला वाटले, आपण किती मोठे काहीतरी पाहिले. आठवडाभर प्रत्येक सभेत आम्ही ते सांगितले, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले आणि निधीही वाढवला. त्या बाईच्या नोटेने आमची पेटी भरली असे म्हणायला हरकत नाही.

सहाव्या महिन्यात तडजोड झाली. कायम कामगार पगारवाढ घेऊन आत गेले, गुलाल उधळला. कंत्राटी लोकांचा प्रश्न नंतर पाहू, असे ठरले. नंतर कंत्राटदारच बदलला आणि त्याने स्वतःची माणसे आणली. बाई दोन वेळा कचेरीत येऊन बसून गेली. तिसऱ्यांदा आली नाही.

ते पावतीपुस्तक आमच्याकडे आहे. तिच्या पावतीच्या स्थळप्रतीवर रक्कम आहे, तारीख आहे आणि खाली सही आमची. त्या तडजोडीच्या कागदावरही, युनियनच्या बाजूने, सही आमचीच आहे.