शेजाऱ्यांचा इतिहास
(स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढे वाचनालयात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाभागातील माणसाला पुराव्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. खानेसुमारीचे आकडे, जमिनीचे उतारे, देवळातील शिलालेख हे त्याच्या बोलण्यात सहज येतात. हीच चिकाटी आपल्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, परंतु स्वतःचा इतिहास स्वतः लिहून न ठेवलेल्या समाजांसाठी वापरावी, एवढेच आमचे आजचे म्हणणे आहे. उदाहरण घेऊ ते खानापूर, हल्याळ, यल्लापूर या जंगलपट्टीतील सिद्दी समाजाचे.

हे लोक मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले. काही पळून, काही सुटून घाट चढून वर आले. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि मुसलमानही आहेत. घरी बहुधा कोकणी वळणाची बोली, बाजारात कानडी, काही ठिकाणी मराठी. अशा समाजाचा माग कागदांतून कसा काढावयाचा?

पहिली पायरी जिल्हा गॅझेटियरची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कारवारवरील १५ वा खंड १८८३ साली व बेळगावचा २१ वा खंड १८८४ साली निघाला. कोणत्याही जुन्या वाचनालयात तो पाहावा. तेथे नसल्यास 'इंटरनेट आर्काइव्ह'वर घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. लोकवस्तीच्या प्रकरणात जातवार, धंदेवार माहिती असते. घरची भाषा, पेहराव, आहार यांच्याही नोंदी सापडतात. मात्र ही माहिती राज्यकर्त्यांच्या नजरेतून आलेली आहे, याचा विसर पडता कामा नये. ज्या राजवटीने १८७१ च्या कायद्यान्वये अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, तिने लोकस्वभावाविषयी मारलेले शेरे जसेच्या तसे उतरून घेणे म्हणजे तो अन्याय पुन्हा करणे होय. वस्ती, धंदा, संख्या ही माहिती घ्यावी. शेरे हे लिहिणाऱ्याविषयीचा पुरावा म्हणून वाचावेत.

दुसरी पायरी खानेसुमारीची. येथे सावध राहिले पाहिजे. १९६१ च्या खानेसुमारीने १,६५२ मातृभाषांची नावे नोंदविली. परंतु १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषिकांच्या भाषा वेगळ्या दाखविणे बंद झाले. तक्त्यात नाव नाही, म्हणून माणसेच नाहीत, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सिद्दी तर कोकणी-कानडी बोलणाऱ्यांतच मिसळून जातात. भाषेचा तक्ता त्यांना मुळी दाखवीतच नाही. आकड्यांवर ज्यांनी हयात घालविली, त्या आपल्या भागातील मंडळींनी तरी आकड्यांची ही मर्यादा ओळखावी.

तिसरी गोष्ट नावांची. संगणकावर शोध घेताना एकच लेखन धरून चालत नाही. 'सिदी', 'सिद्दी', 'हबशी', पोर्तुगीज कागदांत 'काफ्र' अशी अनेक रूपे तपासावी लागतात. शिवाय 'सिद्दी' म्हणताच जंजिऱ्याचे नवाब पुढे येतात. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, त्याचे दप्तर मोठे. पण त्या सत्ताधारी घराण्याचा इतिहास खानापूरच्या रानातल्या कष्टकऱ्यांच्या माथी मारणे ही ढोबळ चूक ठरेल. नाव एक, वाटा दोन.

चौथी गोष्ट दप्तरखान्यांची. कागद आजच्या सीमा ओळखत नाहीत. कारवार जिल्हा १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता, पुढे मुंबईकडे आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावबरोबर म्हैसूर राज्यात गेला. म्हणून एकाच समाजाच्या शोधासाठी चेन्नई, मुंबई, बंगळूर आणि गोव्याच्या कागदांसाठी पणजी अशा चार दारी जावे लागते. बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते. तेथील विणकरांचा माग इंग्रजी जिल्ह्याच्या दप्तरात पुरता लागणार नाही, तो याच कारणाने. आधी 'त्या काळी येथे राज्य कोणाचे होते?' हे विचारावे, मग कपाट उघडावे.

आणि कागद संपतात तेथे माणसे असतात. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी, आडनावे, दमामच्या तालावरचे नाच, जुन्या कापडाच्या तुकड्यांतून शिवलेल्या गोधड्या, वृद्धांच्या आठवणी हीही साधनेच आहेत. त्यांची नोंद घेताना सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुस्तकी नाही. २००३ साली सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला, पण तो फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. तेच रान, तोच समाज. परंतु जिल्ह्याची रेषा ओलांडून खानापुरात पाऊल टाकले की हक्क संपला! बेळगाव व धारवाडच्या सिद्दींची नावे त्या यादीत येण्यास २०२० साल उजाडावे लागले. कागदावरील एका ओळीने १७ वर्षे मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या अडवून धरल्या. सरकारी रेषेने माणसांची ताटातूट होते म्हणजे काय, हे सीमाभागाला आणखी कोणी समजावून सांगावे काय?

म्हणून प्रत्येक वाचनालयाने एक कपाट आपल्या तालुक्यातील समाजांसाठी राखून ठेवावे. त्यात गॅझेटियरची पाने, खानेसुमारीचे तक्ते, जुन्या निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे आणि वृद्धांच्या मुलाखती जमवाव्यात. कोणत्या कागदावरून काय घेतले, हे प्रत्येकावर लिहून ठेवावे. आपला इतिहास मान्य व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनी शेजाऱ्याचा इतिहास आधी जपावा. पुराव्याची चाड एकापुरती असत नाही. ती असली तर सर्वांसाठी असते.