पेट्रोलची गाडी
(एका टँकर ड्रायव्हरने प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



तुमच्या वर्गाच्या गुरुजींनी मला बोलावले. म्हणाले, "तुमच्या धंद्याची माहिती सांगा." मी भाषण करणारा माणूस नव्हे. तीस वर्षे टँकर चालवला. जे केले आणि जे पाहिले, तेच सांगतो.

तुमच्यापैकी कोणाकडे फटफटी आहे, कोणाकडे ट्रॅक्टर आहे. तुम्ही पंपावर जाता. नळी लावली की तेल येते. विहिरीला झरा असावा, तसे वाटते. पण पंपाखाली झरा नाही. तिथे जमिनीत पुरलेल्या टाक्या आहेत. त्या टाक्या आम्ही टँकरवाले भरतो. २०२४ सालच्या १ आणि २ जानेवारीला देशात ठिकठिकाणी ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. अपघाताच्या नव्या कायद्यात कडक शिक्षा होती, म्हणून. तेव्हा पंपांवर केवढ्या रांगा लागल्या, ते तुम्ही पाहिलेच असेल. दोन दिवस टँकर थांबला, तर गावाची चाके थांबतात.

आता हे तेल येते कोठून? मुंबईला माहुल येथे तेल शुद्ध करण्याचे मोठे कारखाने आहेत. तेथून जमिनीखालच्या नळातून तेल नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला येते. तेथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मी पानेवाडीला गाडी भरत असे.

पहाटे जाऊन रांगेत उभे राहायचे. फाटकावर काडेपेटी, बिडी, मोबाइल सारे काढून ठेवायचे. मग नंबर लागला की गाडी आत. गाडी भरण्याआधी एक तार टाकीला जोडतात. तिचे दुसरे टोक जमिनीत गेलेले असते. ही तार कशाला? थंडीच्या दिवसांत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो ना? ती वीज असते. तेल नळीतून वाहते, तेव्हा तशीच वीज तयार होते. तिची एक ठिणगी पुरे. म्हणून ती वीज तारेने जमिनीत सोडून द्यायची. तार नाही, तर तेल नाही, हा आमचा नियम.

टँकरची टाकी आतून सलग नसते. तिचे कप्पे असतात. कप्पा काठोकाठ भरत नाहीत. तेल तापले की फुगते. बारा हजार लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापले, तर ते शंभर लिटरांहून जास्त वाढते. त्या वाढीसाठी जागा ठेवावी लागते. भरून झाले की झाकणाला आणि तोटीला सील लावतात, आणि कागद हातात देतात.

मग रस्ता. बारा हजार लिटर पेट्रोलचे वजन सुमारे नऊ टन भरते. आणि हे वजन धान्याच्या पोत्यांसारखे गप्प बसत नाही. डोक्यावर पाण्याने अर्धी भरलेली घागर घेऊन चाललात, तर पाणी हिंदकळते आणि तोल जातो. टँकरचेही तसेच. ब्रेक मारला की तेल पुढे धावते. वळण आले की तेल बाहेरच्या बाजूला जाते आणि गाडीला ओढते. म्हणून घाटात आम्ही हळू जातो. मागचा मोटारवाला भोंगा वाजवतो, शिव्याही देतो. देऊ दे. शिवी लागून कोणी मरत नाही.

पंपावर पोहोचलो तरी लगेच तेल उतरत नाही. गाडी सपाट जागी लावायची. इंजिन बंद. तार जोडायची. थोडा वेळ तेल शांत होऊ द्यायचे. मग पंपवाला सील तपासतो. पट्टी बुडवून माप घेतो. तेल जड आहे की हलके, तेही काचेच्या नळीने बघतो. भेसळ असली, तर आकडा चुकतो. दुपारच्या उन्हात भरलेले तेल सकाळच्या गारव्यात आकसते. माप थोडे कमी येते. मग मालक आमच्याकडे संशयाने बघतो. जे तेल आकसले, ते आम्ही प्यालो, असे त्याला वाटते! कागदावर तेलाची उष्णता लिहिलेली असते. ती वाचून हिशेब केला की भांडण मिटते. वाचता येण्याचा असा उपयोग आहे, बघा.

चोरी होतच नाही, असे मी म्हणणार नाही. वाटेत ढाब्यावर माणसे भेटतात. "पन्नास लिटर काढून दे, पैसे घे," म्हणतात. काही जण भुलतात. पण ही वाट कोठे जाते, ते आमच्या पानेवाडीने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ ला तेलाची चोरी आणि भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथेच जिवंत जाळण्यात आले. तेव्हापासून कोणी मला तेल मागितले, की मला तो दिवस आठवतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम आलो, ती सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. मी पेट्रोल घेऊन चाललो होतो. एका गावाजवळ वळणावर समोर अचानक बैलगाडी आली. तिला वाचवायला मी गाडी कडेला घेतली. कडेची माती भिजून भुसभुशीत झाली होती. मागची चाके खचली आणि गाडी हळूच चरात आडवी झाली. माझ्या क्लीनरचा हात मोडला. मला खरचटले.

गावची माणसे धावली. त्यांनी आम्हां दोघांना बाहेर काढले. क्लीनरचा हात फडक्याने बांधला. पाणी पाजले. ते उपकार मी विसरणार नाही.

एवढ्यात कोणीतरी ओरडले, "पेट्रोल वाहतंय!"

एका झाकणातून धार लागली होती. तेल चरातून ओढ्याकडे चालले होते. बघता बघता माणसे घरांकडे पळाली आणि परत आली ती घागरी, बादल्या, कॅन घेऊन. मी ओरडलो, "बाबांनो, मागे व्हा! जवळ जाऊ नका!" कोण ऐकतो? एक जण म्हणाला, "मालकाचं तेल वाचवायला ओरडतोय. मातीत जाण्यापेक्षा आम्ही नेलं तर काय बिघडलं?" दुसऱ्याने तर कानावरची बिडी ओठात धरली होती. मी ती ओढून फेकली.

तेव्हा एक म्हातारी काठी टेकीत पुढे आली. वाटेत आडवी उभी राहिली. म्हणाली, "माझी सून स्टोव्हच्या भडक्यानं गेली. पेट्रोल नव्हतं ते, साधं घासलेट होतं. तीन दिवस तळमळत होती. ज्याला भांडं भरायचं असेल, त्यानं मला ढकलून जावं."

सारे गप्प झाले. तिची सून सगळ्यांनी पाहिली होती. एकाने बादली खाली ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली. मी म्हणालो, "आजी, यांना आणखी मागं न्या." तिने सगळ्यांना वरच्या शाळेपर्यंत हाकलले. ओढ्याकाठच्या दोन घरांतल्या चुली विझवायला तिनेच निरोप धाडला.

आगीचा बंब आला. त्यांनी तेलावर फेस मारला. दुसरी गाडी येऊन उरलेले तेल काढून घेऊन गेली. आग लागली नाही. कोणी मेले नाही. म्हणून ही गोष्ट कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाही.

जिथे लोक थांबले नाहीत, तिथली गोष्ट मात्र साऱ्या जगाने वाचली. २५ जून २०१७. पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यात अहमदपूर नावाच्या गावाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. दुसऱ्या दिवशी ईद होती. आसपासची माणसे भांडी घेऊन आली. बाया आल्या, पोरे आली. तेल भरत असतानाच भडका उडाला. दोनशेहून अधिक माणसे गेली. १५ ऑक्टोबर २०२४ ला आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात, जिगावा प्रांतातही असेच झाले. तेथेही शंभरावर माणसे गेली. ती माणसे चोर नव्हती. तुमच्या आमच्यासारखी गरीब होती. फुकट मिळाले, तर दोन पैसे वाचतील, एवढाच त्यांचा विचार.

तुम्ही विचाराल, "काडी ओढली नाही, तरी आग कशी लागते?" नीट ऐका. पेट्रोल स्वतः जळत नाही. त्याची वाफ जळते. ही वाफ कडाक्याच्या थंडीतही निघते. ती डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ती हवेपेक्षा जड असते. थंडीत धुके ओढ्याच्या पात्रात साचते ना? तशी ही वाफ जमिनीलगत सरपटते. चरात, गटारात, विहिरीत जाऊन बसते. लांबच्या चुलीपाशी, फटफटीच्या ठिणगीपाशी ती पोहोचली, की आग त्याच वाटेने उलटी धावत येते. पळायला वेळ मिळत नाही. डिझेल इतक्या लवकर पेटत नाही. पण उलटलेल्या गाडीत काय आहे, ते बघायला कोणी जवळ जाऊ नये.

तुम्ही आता वाचायला शिकलात. टँकरच्या अंगावर एक फळी असते. तिच्यावर आकडे असतात. १२०३ म्हणजे पेट्रोल. १२०२ म्हणजे डिझेल. फळीवर हे बहुधा इंग्रजी आकड्यांत लिहितात. गुरुजींकडून ते आकडे गिरवून घ्या. गाडी उभी असेल, तेव्हा वाचून ठेवा. वेळ आली तर लांबूनच बघा.

असा प्रसंग तुमच्या गावावर आलाच, तर एवढे करा.

जखमी माणूस हाताशी असेल आणि आग नसेल, तर त्याला चटकन बाहेर काढा. मग सगळे दूर व्हा. निदान तीनशे मीटर. वारा जिकडून येतो तिकडे जा, उंचावर जा. आग लागली असेल, तर आठशे मीटर दूर जा.

बिडी, चूल, दिवा विझवा. फटफटी चालू करू नका. मोबाइल लावायचा तो दूर गेल्यावर. ११२ किंवा १०१ नंबर फिरवा. गावाचे नाव सांगा. फळीवरचा आकडा सांगा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

विहिरीत तेल गेले असेल, तर ते पाणी माणसांना पाजू नका, जनावरांनाही पाजू नका. आणि बघायला म्हणून विहिरीत दिवा सोडू नका.

आणखी एक. टाकीत नळी घालून तोंडाने तेल ओढायची सवय पुष्कळांना आहे. ती आजच सोडा. एक घोट चुकून छातीत गेला, तर फुप्फुसे बिघडतात, माणूस दगावतो. कोणाच्या पोटात तेल गेलेच, तर ओकारी काढू नका. सरळ दवाखान्यात न्या.

मंडळी, मातीत गेलेले तेल मातीचेच. मालकाचे नुकसान मालक बघेल. तुमच्या घागरीत दहा लिटर पेट्रोल येईल. त्याची किंमत हजार रुपये धरा. हजार रुपयांसाठी घरचा माणूस देऊ नका.

त्या गावावरून मी पुढे कितीतरी वेळा गेलो. वळणावर गाडी हळू करायचो. म्हातारी शाळेच्या ओट्यावर बसलेली दिसली, की हात जोडायचो. ती काठी उंच करायची. आता ती नाही. पण वळण आहे, आणि त्या वळणावरून टँकर रोज जातात. तुमच्या गावातही असे वळण असेल. त्या दिवशी काठी घेऊन आडवे उभे राहणारे कोणीतरी तुमच्यात असावे, एवढेच माझे मागणे.

राम राम.