उभारी बाहेरून देता येत नाही

(मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करणारे उपचारक, सेवाकार्यातील कार्यकर्ते व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



झाडावरून पडलेला, मोटारसायकलवरून फेकला गेलेला किंवा बांधकामाच्या परांचीवरून घसरलेला माणूस रुग्णालयात येतो, तेव्हा सर्वांची धडपड त्याचा प्राण वाचवण्यासाठी असते. प्राण वाचतो. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात येते की, कमरेखाली किंवा मानेखाली आपलेच शरीर आपल्याला कळवेनासे झाले आहे. लघवी झाली हे कळत नाही, चटका बसला हे कळत नाही. खरे पुनर्वसन येथून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात अशा अवस्थेत जगणाऱ्यांची संख्या दीड कोटीहून अधिक होती.

या माणसाने आयुष्यभर करावयाच्या गोष्टी वरकरणी साध्या आहेत. खाटेवर असताना दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीत असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलणे, रोज आरशात पाठीमागची त्वचा तपासणे, दर चार-सहा तासांनी नळीने मूत्राशय रिकामे करणे. यात कुचराई झाली की शय्याव्रण होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. म्हणजे ज्याला शस्त्रक्रियेने वाचवले, त्याचे पुढचे आयुष्य त्याच्याच रोजच्या निश्चयावर अवलंबून असते. आणि नेमका तो निश्चय करण्याची त्याची मनःस्थिती नसते. उपचारकाने येथे काय करावे, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे याचे सोपे उत्तर तयार असते, ते म्हणजे त्याला उपदेश करावा. आपल्या समाजाला, आणि कार्यकर्त्यांना तर विशेषच, बोलून स्फूर्ती देण्याची सवय आहे. व्यासपीठावरून ते साधते. खाटेपाशी बहुधा साधत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही देऊन जातो. एक जण ‘हिंमत धर’ म्हणतो, दुसरा पूर्वजन्मीच्या भोगांचे सांगतो, तिसरा कोणा वैदूचा पत्ता देतो. रुग्ण सर्वांना मान डोलावतो. उपचारक समजावतात, ‘अंग उचललं नाहीत तर जखम होईल, परत ऑपरेशन लागेल.’ तो म्हणतो, ‘हो मॅडम.’ हा ‘हो’ फार फसवा असतो. डॉक्टरांशी वाद घालू नये या संस्कारात वाढलेल्या माणसाचा तो सभ्य नकार असतो. मॅडम पुढच्या खाटेकडे वळतात आणि केसपेपरवर ‘रुग्णास समजावले’ अशी नोंद होते.

या नकाराचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी वेगळ्या क्षेत्रात केला होता. ते दारूच्या व्यसनावर काम करीत. नॉर्वेतील बर्गन येथे असताना तेथील तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना अडवून विचारीत, ‘तुम्ही आत्ता हाच प्रश्न का विचारलात? दुसरे का नाही बोललात?’ त्या उत्तरांतून १९८३ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पुढे १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी ग्रंथ लिहिला. प्रेरणा जागवणाऱ्या संवादाची ही पद्धती नंतर मधुमेह, हृदयरोग, पुनर्वसन अशा अनेक क्षेत्रांत पोहोचली. तिचे मर्म असे की, बदलाच्या बाजूने कोणी बोलायचे, हे महत्त्वाचे असते. बदलावे की नको या द्विधेत असलेल्या माणसापुढे उपचारकाने ‘बदला’ची बाजू मांडली की, ‘नको’ची बाजू रुग्णाला घ्यावीच लागते. आपल्याच तोंडून ती वारंवार ऐकून तो तिच्यावर विश्वास ठेवू लागतो. दुसऱ्याची चूक दिसताच ती सुधारायला धावण्याची जी ऊर्मी प्रत्येक भल्या माणसात असते, तिलाच मिलर आणि रोलनिक धोक्याची मानतात.

मग करायचे काय? एक प्रसंग कल्पावा. पंचविशीतला एक तरुण, सुपारीच्या झाडावरून पडलेला, कमरेखाली संवेदना नाही. व्यायामाला तयार नाही. फिजिओथेरपिस्ट ताई खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसतात. (उभे राहून केलेली चौकशी ही तपासणी ठरते, संवाद नव्हे.) त्या विचारतात, ‘दिवस कसा जातो तुमचा?’

‘जातो कसला, पडून असतो. आई सगळं करते.’

‘आई सगळं करते...’ एवढेच म्हणून त्या थांबतात.

‘करते. पण तिची कंबर धरलीय. मला उचलते ना. रात्री कण्हते, मला ऐकू येतं.’

‘तिला उचलावं लागू नये, असं तुमच्या मनात येतं.’

‘येतं तर! पण करणार काय?’

हा शेवटचा प्रश्न निराशेचा उद्गार म्हणूनही ऐकता येतो आणि खरोखरचा प्रश्न म्हणूनही. कुशल उपचारक तो प्रश्न म्हणून ऐकतो. ताई विचारतात, ‘फळीवरून सरकत खाटेवरून खुर्चीत एकट्यानं कसं जायचं, ते दाखवू का?’ येथे परवानगी मागितली आहे आणि ती औपचारिक नाही. ज्याच्या देहावर दिवसातून दहा जण न विचारता हात ठेवतात, त्याला कोणी तरी ‘दाखवू का’ असे विचारते, यालाच मोठा अर्थ आहे. व्यायामाचे कारण आता त्याचे स्वतःचे आहे. ते आईच्या कंबरेचे आहे, उपचारकाच्या तक्त्यातले नाही.

या संवादात चार गोष्टी आल्या किंवा येऊ शकतात. ‘हो-नाही’त न संपणारा मोकळा प्रश्न, रुग्णाचेच बोलणे त्याला ऐकवणे, त्याने केलेल्या प्रयत्नाची नेमकी दखल आणि अखेरीस सर्व बोलण्याचा गोषवारा. दखल म्हणजे ‘शाब्बास’ नव्हे. ‘काल चक्कर आली तरी आज बसायला आलात’ ही दखल होय. याच पद्धतीतला शून्य ते दहाचा प्रश्नही उपयोगी आहे. ‘अंग उचलणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’ तो म्हणतो, ‘चार.’ आपल्या जिभेवर लगेच येते, ‘चारच का?’ ते गिळावे आणि विचारावे, ‘चार का, एक का नाही?’ आता तो स्वतःच कारणे सांगू लागतो.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र रुग्णाकडून येतो, ‘मी पुन्हा चालीन का?’ खोटा दिलासा देणे सोपे आणि एका वाक्यात आशा तोडणे त्याहून सोपे. आधी विचारावे, ‘डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ इजा पूर्ण आहे की अपूर्ण, यावर बरेच अवलंबून असते आणि पहिल्या आठवड्यांत ते नेहमी स्पष्ट नसते. जेवढे ज्ञात आहे तेवढे, विचारून, थोडक्यात सांगावे आणि मग पुन्हा विचारावे, ‘हे ऐकून मनात काय आलं?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळाले नाही की कुटुंबे शेत विकून मूलपेशींच्या जाहिरातींमागे धावतात. अशा उपचारांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी ते पैसे घेऊन देता येत नाहीत.

येथे वीरकथांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्या सांगण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या स्पर्धेत पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी भारतासाठी सुवर्णपदक जिंकले. मेजर एच. पी. एस. अहलुवालिया १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचले आणि त्याच वर्षीच्या युद्धात कण्यात गोळी लागून खुर्चीस खिळले. दिल्लीचे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर ही त्यांचीच उभारणी. ही चरित्रे वंदनीय आहेतच. परंतु तिसऱ्या आठवड्यात खाटेवर पडलेल्याला ‘बघ, पेटकरांनी करून दाखवले’ म्हणणे हा चाबूक ठरतो. पेटकर इजेपूर्वीच मुष्टियोद्धे होते, खेळ त्यांच्या रक्तात होता. ज्याच्या रक्तात किराणा दुकान आहे, त्याची उभारी गल्ल्यावर बसण्यात असेल.

सर लुडविग गटमन यांना ही गोष्ट उमगली होती. नाझी राजवटीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेल्या या ज्यू वैद्याने १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर असे बहुतेक रुग्ण शय्याव्रणाने व मूत्रमार्गाच्या संसर्गाने लवकरच दगावत. गटमन यांनी अहोरात्र कूस बदलण्याची शिस्त लावली, सैनिकांना कार्यशाळेत कामाला बसवले आणि २९ जुलै १९४८ रोजी सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे. ते शिस्तीला कठोर होते, पण ‘तुला आता काही करायचे उरले नाही’ असे त्यांनी कोणालाच मानू दिले नाही.

आपल्या घरांत नेमके हेच मानले जाते, आणि तेही प्रेमापोटी. हात शाबूत असलेल्या मुलाला आई भरवते, बहीण दाढीचे सामान उचलून ठेवते. डॉक्टर विचारतात तेही नातेवाइकाला, ‘याला भूक लागते का?’ आपण ज्या सेवेचा गौरव करतो, तीच येथे माणसाला अपंगाहून अपंग करते. म्हणून उपचारकाचा संवाद आईशीही हवा. तिलाही उपदेश नको. तिच्या थकव्याची दखल घेऊन विचारावे, ‘यातलं कोणतं एक काम त्याच्याकडे सोपवलं तर तुम्हाला बरं वाटेल?’

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. द्विधा मनाला वाट काढून देणे एवढेच तिचे काम. झोप, अन्न, बोलणे सुटले असेल किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा येत असेल, तर तेथे मानसोपचारतज्ज्ञच हवेत. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक वॉर्डात लावलेला असावा.

उरला प्रश्न घरी जाण्याचा. रुग्णालयात ओटा नसतो, उंबरठा नसतो, संडासाचे दार खुर्चीला पुरेल एवढे रुंद असते. घरी हे सर्व अडते आणि महिन्याभरात निश्चय ढासळतो. निघण्यापूर्वी त्याला विचारावे, ‘घरी सकाळी पहिलं कोणतं काम तुम्ही स्वतः कराल? कुठं अडेल?’ उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे. हात चालत असतील तर त्याच्याच हाताने. फेरतपासणीच्या वेळी ‘केलं का?’ ऐवजी ‘कसं जमलं?’ येथून सुरुवात करावी. ती वही त्याने सोबत आणावी, असे केंद्राने आधीच सांगून ठेवावे. सध्या खिडकीवर केसपेपर मागतात, एक्स-रे मागतात. वही कोणी मागत नाही.