लेकरांच्या मनाचे बळ
(नांदगाव येथे ज्युबिलीनिमित्त जमलेल्या पालकांपुढे केलेले भाषण)



या मंगलप्रसंगी आईबापांस उद्देशून चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही कोणी पंडित नव्हे. मुले व नातवंडे वाढविताना जे चुकलो आणि जे थोडेबहुत शिकलो, तेवढेच आपणांपुढे ठेवितो.

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, ते आपण विसरला नसाल. कौले उडाली, माड व आंब्याची कलमे उन्मळून पडली, पुष्कळ गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. आमच्याही पडवीवर एक कलम कोसळले. घर आम्ही महिन्याभरात सावरले. परंतु घरातील सात वर्षांच्या नातवाचे मन कोसळले आहे, हे आमच्या ध्यानी आले नाही. माडाची झावळी सळसळली की तो रडू लागे. आम्ही दरडावून म्हणालो, “मुलग्यासारखा मुलगा, आणि रडतोस काय?” त्याचे रडणे थांबले. आम्हांस वाटले, औषध लागू पडले. वस्तुतः भय गेले नव्हते, ते आत लपले होते. तो जेवेनासा झाला व अंधार पडल्यावर पडवीत पाऊल टाकीना.

त्याच्या आजीने निराळाच उपाय केला. “तुला कशाचे भय वाटते?” एवढेच तिने विचारले आणि उत्तर येईपर्यंत ती गप्प बसली. पुढे रोज तिन्हीसांजेस कंदील त्याच्या हाती देऊन ती त्याला घराभोवती फिरवी. कोणते कौल सरकले, कोणती फांदी वाळली, हे दोघे मिळून पाहत. वादळ आले तर मेणबत्त्या व काडेपेटी काढण्याचे काम तिने त्याच्याकडे सोपविले. पुढल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, तेव्हा तो थरथरतच उठला. परंतु मेणबत्ती त्यानेच आणिली. भय असतानाही पाऊल उचलता येणे, यालाच आम्ही मनाचे बळ म्हणतो.

आपल्याच कोकणातील पालगडचे साने गुरुजी यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात श्याम पोहण्यास भितो, म्हणून आई त्याला मारून विहिरीकडे धाडते. ही गोष्ट सांगून कित्येक बाप छडीचे समर्थन करितात. परंतु तोच श्याम पोहून घरी येतो, तेव्हा त्याच्या अंगावरील वळ पाहून त्या माऊलीचे डोळे भरून येतात, हे ते विसरतात. छडी त्या काळाची होती, ती तेथेच राहू द्यावी. मूल भिते म्हणून त्याला कठीण कामापासून दूर न ठेवणे आणि ते परत येईल तेव्हा जवळ घेण्यास घरी असणे, एवढे मात्र त्या आईकडून आपण अवश्य घ्यावे.

दूरदेशीचा अनुभवही हेच सांगतो. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कलह, आईबापांचे आजार अशा अनेक आपत्तींत जी वाढली, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्ती व समाधानी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी वडीलधारे माणूस असे होते की, ज्याने त्यांना जिव्हाळा दिला. ते आईबापच असावेत असे नाही. आजी, मावशी, शिक्षक, कोणीही असेल.

आपल्या गावांतून कित्येक घरांचा कर्ता मुंबईस किंवा आखातात असतो. मूल रडेल म्हणून कित्येक बाप ते झोपले असता रात्रीच निघून जातात. बंधूंनो, असे करू नये. सकाळी रिकामे अंथरूण पाहणारे मूल पुढे झोपण्यासच भिऊ लागते. त्याला जागे करून सांगावे, “मी जातो, अमुक दिवशी येईन, रविवारी फोन करीन,” आणि दिलेला शब्द पाळावा. ते रडेल, तर रडू द्यावे. निरोपाचे रडणे मुलास दुबळे करीत नाही. फसवणूक मात्र करिते.

तसेच परीक्षेत मूल नापास झाले, तर शेजारच्या मुलाचे गुण त्याला ऐकवू नयेत. प्रथम जेवू घालावे, मग कोठे अडले ते विचारावे. आणि रागाच्या भरात आपण अन्याय केला असेल, तर “माझे चुकले” असे मुलापुढे म्हणावे. त्याने आपला मान जात नाही. पडल्यावर कसे उठावे, हे ते आपल्याकडूनच शिकते.

तथापि सर्वच दुखणी घरच्या घरी बरी होत नाहीत. मूल कित्येक आठवडे झोपत नसेल, कोणाशी बोलत नसेल, किंवा मरणाची भाषा करीत असेल, तर लाज न बाळगता वैद्यकीय सल्ला घ्यावा. २०२२ साली सरकारने सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. ताप आला असता आपण डॉक्टरांकडे जातो, तसेच हे होय.

आज घरी गेल्यावर आपण एवढेच करावे, ही आमची विनंती. दिवसातून थोडा वेळ हातातले काम बाजूस ठेवून मुलाजवळ बसावे, एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. आम्हांस ते फार उशिरा कळले.