परमनंट
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी आज एकाच शब्दावर बोलणार. परमनंट. आपल्या आज्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण हा शब्द सगळ्या चाळीला पाठ. सोयरीक जुळवताना पहिला सवाल हाच : पोरगा बदली की परमनंट? बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं. कुणाचा खाडा असला तर आत, नाहीतर परत खोलीवर. परमनंट म्हणजे फंड, बोनस आणि वाण्याकडे उधारी. माझ्या बापानं नऊ वर्षं बदलीत काढली. परमनंट झाला त्या महिन्यात वाण्यानं त्याला पहिल्यांदा 'या' म्हटलं.

पण हा परमनंटही सगळ्यांना सारखा नव्हता. विणाई खात्यात पगार जास्त, तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. आपल्या थुंकीनं सूत बाटतं! इतरांची थुंकी गंगाजल. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना स्पष्ट बजावलं : हा मज्जाव उठवण्याची मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं संपात धरू नका. मागणी घेतली गेली. नाखुषीनं. एका छपराखाली राबणाऱ्या कामगारांची ही एकजूट!

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. कुणी गाव गाठलं, कुणी भाजीची पाटी घेतली. माझा बाप वॉचमन झाला. कंत्राटी. पुन्हा बदलीच म्हणा, फक्त गेट वेगळं.

आता इथं कुणीतरी शहाणा उठतो आणि सांगतो, अरे बाबांनो, सगळंच अनित्य आहे, तुमच्या बुद्धानंच सांगितलंय. हो, सांगितलंय. पण मग हिशेब पुरता करू या. नोकरी अनित्य, भोंगा अनित्य. आणि जमीन? मुंबईत गिरण्यांची जमीन सहाशे एकरांच्या आसपास. १९९१चा नियम म्हणत होता, विकासाला काढली तर एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जागेची, शेड उभ्या आहेत तिथली नाही. आता गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते कितीशी? २००६ साली सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. मॉल उभे राहिले, टॉवर उभे राहिले. म्हणजे साला अनित्य फक्त कामगार होता. मालकी नित्यच!

बुद्धानं अनित्य सांगितलं ते हात जोडून बसायला नाही. जे उभं राहतं ते कारणांनी उभं राहतं, कारणं मोडली की पडतं. मग कारणं शोधा. नियम कुणी बदलला, सही कुणाची, फायदा कुणाचा. आणि हीच गोष्ट दुसऱ्या अंगानं बघा. ज्यांनी स्वतःला सनातन म्हणवून घेतलं त्यांचंही तेच. २५ डिसेंबर १९२७ला महाडात मनुस्मृती जळाली. सनातन कागदही इतर कागदासारखाच पेट घेतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. (डोक्यातला कागद अजून ओला आहे, तो वेगळा विषय.)

तुमच्या पिढीचा परमनंट म्हणजे सरकारी नोकरी. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारनं जी.आर. काढला, नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती. पोरं रस्त्यावर आली, बोंबाबोंब झाली, आणि ऑक्टोबरातच जी.आर. रद्द. रद्द झाला म्हणून पेढे वाटू नका. आज आपल्या वस्तीतला झाडूवाला कुणाच्या पगारपत्रकावर आहे ते विचारा. ठेकेदाराच्या.

शेवटी घर. बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. वरळीच्या ह्याच चाळींनी जानेवारी १९७४ची दंगल पाहिली, पोलिसांचा मार पाहिला. तिथं आता टॉवर. एकशेसाठ चौरस फुटांच्या बदल्यात पाचशे. चांगलंच आहे, आया सुखानं झोपतील. मला नाक मुरडायचं नाही. पण लिफ्ट, पाणी, मेंटेनन्स यांचा खर्च महिन्याला येणार. तो भरायला परमनंट पगार लागतो, आणि तो तर गेला! खर्च झेपला नाही की खोली भाड्यानं, मग विकायला, मग विरारच्या पुढे.

तेव्हा एक काम. पुनर्विकास कुठल्याही वस्तीत असो, कागद मराठीत मागायचा. मेंटेनन्स किती वर्षं कोण भरणार ते कलम शोधायचं. ज्या म्हातारीला वाचता येत नाही तिला शेजारी बसून वाचून दाखवायचं, अंगठा त्यानंतर. येत्या रविवारी आम्ही चौघं आमच्या वस्तीत बसतोय. तुमच्याकडे कोण बसतंय, नावं सांगा.